रखमाजी पेंटरचे तीन ऊस

आमच्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळापुढे दरमहा कर्मचाऱ्यांचा तक्ता जातो. त्यात कायम कामगारांची नावे असतात आणि रोजंदारीवरच्यांची नुसती संख्या. 'पेंटर (रोजंदारी) – १' अशी एक ओळ त्या तक्त्यात चौदा वर्षे होती. ती ओळ म्हणजे रखमाजी भिंगारदिवे. मी त्यांना अहो-जाहो करत असे; तक्ता करत नसे. तक्ता मीच तयार करतो. मी आस्थापना विभागाचा अधीक्षक, नगरच्या कॉलेजचा बी. कॉम., आणि पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार आहे.

रखमाजी मूळचे पाथर्डी तालुक्यातले. आईबाप ऊसतोडीला येत, त्यांच्याबरोबर तेही पाचटात वाढले. छप्पन सालानंतर वस्तीने बौद्ध धर्म घेतला आणि जयंतीच्या मिरवणुकीसाठी निळ्या पाट्या लागू लागल्या. त्या रंगवता रंगवता ते अक्षर शिकले. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर असे की आमच्या एम. ए. झालेल्या कामगार अधिकाऱ्यांनी स्वतःच्या दारावरची पाटी त्यांच्याकडून तीनदा लिहून घेतली. नगरला ट्रकच्या बॉडी रंगवण्याच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षे काढून त्र्याऐंशी साली ते आमच्या कारखान्यावर ट्रॉल्यांना नंबर टाकायला आले. काम चार दिवसांचे होते. ते राहिले.

वर्षात दोनशे चाळीस दिवस सलग भरले की कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येतो. म्हणून बिगरहंगामात रखमाजींना दरवर्षी वीस दिवसांचा खंड दिला जाई. अडचण एवढीच होती की नेमकी तेव्हाच मशिनरीची रंगरंगोटी निघे. त्यावर आमच्या कार्यालयाने तोडगा काढला होता. त्या वीस दिवसांपुरते नाव त्यांच्या बायकोचे लागे. भागिरथीबाईंनी जन्मात ब्रश हातात धरला नव्हता. त्यांच्या हातात ऊसतोडीचा कोयता असे. पण कागदोपत्री त्या दरवर्षी वीस दिवस पेंटर होत्या. खंडाची टिपणी आणि भागिरथीबाईंची नेमणूक, दोन्ही माझ्या हस्ताक्षरात आहेत.

"भाऊसाहेब," रखमाजी मला एकदा म्हणाले, "आमची मंडळी इचारत हुती, एवढी वर्सं पेंटर हाय म्हनं, तर तिला तरी कायम करा."

भाऊसाहेब म्हणजे मी. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला कामगार भाऊसाहेबच म्हणतात. मी हसलो आणि विषय बदलला. पण ते गमतीने बोलत नव्हते, हे मला कळत होते. कायम व्हायचे ही एकच गोष्ट त्या माणसाने चौदा वर्षे मागितली. मुलांची लग्ने झाली होती, दारू नव्हती, कुणाशी भांडण नव्हते. "नाव लागू द्या," एवढेच.

हंगामात त्यांचे मुख्य काम म्हणजे गेटवरचा फळा. सकाळी सातला प्रयोगशाळेतून चिठ्ठी येई आणि रखमाजी फळ्यावर लिहीत: कालचे गाळप, आजअखेर गाळप, कालचा उतारा, सरासरी उतारा. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर, किलोमध्ये. गाळप पांढऱ्या रंगात, उतारा पिवळ्या. कालच्यापेक्षा उतारा वाढला असला तर बाजूला एक लहानसा वर जाणारा बाण, घटला तर खाली जाणारा. बाणाची कल्पना त्यांची स्वतःची होती; तिला कुणाची मंजुरी नव्हती. बैलगाडीवाला गाडी न थांबवता फळा वाचून पुढे जाई. शनिवारी शिंगणापूरला निघालेल्या गाड्यासुद्धा रस्ता विचारायला थांबत आणि उतारा किती पडला ते कळून पुढे जात.

शहाण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. आमचे चेअरमन काकासाहेब पुण्याला एका प्रदर्शनात जाऊन आले होते. तिथे त्यांनी पडद्यावर रंगीत खांब वर-खाली होताना पाहिले आणि तसाच पडदा आपल्या केबिनमध्ये हवा असा ठराव झाला. कॉम्प्युटरबरोबर राजेश्वरी मॅडम आल्या. बी. एस्सी. झालेली, बोलायला चटपटीत मुलगी. तिने महिनाभर खपून चेअरमनसाहेबांसाठी एक खास पडदा तयार केला. एका बाजूला गाळपाचे खांब, मध्ये उताऱ्याची रेघ, कोपऱ्यात गटवार उसाचा गोल. एक बटण दाबले की पुढचा आलेख. पडद्याची पूजा झाली, नारळ फुटला. एका संचालकांनी नमस्कार करून चपला बाहेर काढल्या. मग सगळ्यांनाच काढाव्या लागल्या.

आकडे त्या पडद्यावर कुठून येत, हे सांगितले पाहिजे. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेने आकडे टपाल विभागाला द्यायचे, टपाल विभागाने नोंद करून माझ्याकडे, आणि मी सही करून कॉम्प्युटर विभागाकडे. याला दोन दिवस लागत. चेअरमनसाहेबांना तर सकाळी दहाला ताजे खांब हवे असत. म्हणून राजेश्वरी मॅडम रोज साडेसातला वही घेऊन गेटवर जात आणि रखमाजींच्या फळ्यावरून आकडे उतरवून घेत.

"मॅडम, बाण बी उतरवा," रखमाजी शिडीवरून सांगत.

"काका, बाण आमचं मशीन आपोआप काढतं."

"आपोआप? मग आकडे बी आपोआप काडाय सांगा की त्याला."

पडदा झाल्यावर प्रत्येक संचालकाला स्वतःचा आलेख हवासा वाटू लागला. कुणाला आपला गट पहिला हवा. कुणाला खांब नको, भाकरी हवी. गोल आलेखाला सगळे भाकरी म्हणत. पण त्या भाकरीत शेजारच्या संचालकाचा तुकडा आपल्यापेक्षा मोठा नको. राजेश्वरीने सगळ्यांना हवे तसे काढून दिले. आकडे तेच, फक्त मांडणी ज्याची त्याची. सहा गटांच्या सहा संचालकांकडे सहा आलेख झाले, आणि ज्याचा आलेख, त्यात तोच संचालक पुढे होता. मंडळाच्या बैठकीत इतके समाधान मी पूर्वी पाहिले नव्हते.

आमच्याकडे प्रिंटर मात्र काळ्या शाईचा, ठिपक्यांचा. रंग फक्त पडद्यावर. त्यामुळे सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आली तेव्हा प्रश्न पडला. दोन हजार सभासद मांडवात बसणार. त्यांना केबिनमध्ये चपला काढून पाठवता येईना. काकासाहेब म्हणाले, "एकच आलेख मोठा करा. माझ्या तीन वर्षांत उतारा किती वाढला, तेवढं दिसलं की झालं. पेंटरला सांगा."

उतारा वाढला होता, हे खोटे नव्हते. पहिल्या वर्षी दहा पूर्णांक साठ, दुसऱ्या वर्षी दहा सत्तर, तिसऱ्या वर्षी दहा नव्वद. राजेश्वरीने आकडे घातले आणि कॉम्प्युटरने आपण होऊनच खालचा सगळा भाग सोडून मोजपट्टी दहा पन्नासपासून सुरू केली. पडद्यावर दुसरा खांब पहिल्याच्या दुप्पट, तिसरा चौपट. काकासाहेबांचा चेहरा उजळला.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. म्हटले, "साहेब, मोजपट्टी शून्यापासून हवी."

राजेश्वरीने शून्यापासून करून दाखवली. तिन्ही खांब एका उंचीचे झाले, जुळ्या-तिळ्या भावांसारखे. काकासाहेबांनी पडद्याजवळ वाकून पाहिले.

"अधीक्षक, ह्यात मी कुठं दिसतो?"

"आकडा तोच आहे साहेब."

"आकडा मला पाठ आहे. सभेला आकडा दिसत नाही, खांब दिसतो. पहिलाच ठेवा." मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "आणि त्या भिंगारदिव्यांना सांगा, पाटी झकास झाली तर त्यांचं कायमचं प्रकरण ह्या सभेनंतर मी मार्गी लावतो."

हा निरोप मी रखमाजींना दिला तेव्हा ते शेडमध्ये डबे धूत होते. त्यांनी हात पुसले. पुन्हा सांगायला लावले. मी पुन्हा सांगितले.

"लेखी हाय?"

"तोंडी."

"तुमच्यासमोर म्हनले?"

"माझ्यासमोर."

"मग लेखीच समजतो," ते म्हणाले. माझ्यावर कुणी इतका विश्वास ठेवल्याचा मला फारसा अनुभव नव्हता.

कागद बघून ते म्हणाले, "नुसते खांब? मागं बसलेल्याला काय कळनार? हे म्हंजी लाईटीचे डांब. आपला कारखाना उसाचा. ऊस काडतो. पाच पैशाला एक पेर." शंभराव्या हिश्शाला ते पैसा म्हणत. हिशेब बरोबर होता. पहिला ऊस दोन पेरांचा, दुसरा चारचा, तिसरा आठचा. मला ती कल्पना फारच आवडली. मी लगेच हो म्हटले.

आठ दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. "भाऊसाहेब, एक इचारायचं हुतं. ह्यो ऊस दहा पन्नासपासून वर हाय. मग खालचा बुडखा कुठाय?"

"बुडखा कागदावर नाही."

"पर उसाला तर आसतोच. खाली हातभर जागा हाय पाटीवर. काडू?"

मी कागदावर हिशेब केला. पाच पैशाला एक पेर, तर दहा पन्नासची दोनशे दहा पेरे. एक पेर अर्ध्या फुटाचे. म्हणजे बुडखा पूर्ण दाखवायचा तर पाटी एकशे पाच फूट जमिनीत न्यावी लागली असती. हे मी त्यांना सांगितले.

"आरं तिच्या! म्हंजी बुडखा शंभर फूट आन् ऊस चार फूट?"

"हळू बोला. कागदावर आहे तेवढंच काढा. कायम व्हायचंय ना?"

त्यांनी माझा हिशेबाचा कागद उचलून पाहिला. "मंडळी म्हनती, साखर बुडात आसती. वरून तोडला तर मालक तोडनीच्या टोळीला शिव्या देतो. आता कागदावर न्हाई म्हनता, तर तोडलेलाच दाखवतो."

मी मान हलवली. कागदाप्रमाणे काम होत होते. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

सभेच्या दिवशी मांडव गच्च भरला. आठ फुटी पाटीवरचा पडदा काकासाहेबांनी दोरी ओढून सरकवला आणि टाळ्या पडल्या. पाटी खरोखर देखणी होती. हिरवे-जांभळे तीन ऊस, वर लवलवते वाढे, प्रत्येक पेर वेगळे मोजता येईल असे. आणि खाली तपकिरी जमीन. जमीन आणि ऊस यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. उसाची खालची टोके कोयत्याने तिरपी छाटल्यासारखी. छाटीवर पांढरा ओला गर. इतके हुबेहूब की 'तोडलेलाच दाखवतो' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

काकासाहेब छडी घेऊन सांगत होते, "पहिल्या वर्षी हा एवढासा ऊस. आज बघा!"

मधल्या रांगेतून आसारामनाना उठले. सत्तरीचे सभासद, दर सभेला एक प्रश्न विचारणारे. "चेअरमन, समदं ब्येस हाय. पन ह्या उसाला बुडखा कुठाय?"

मांडवात खसखस पिकली.

"म्हंजी हातभर वरून तोडलाय ह्यो. आमच्या रानात टोळीनं असा तोडला आसता तर मी आगाऊ दिलेली उचल मागं घेतली आसती. साखर तर बुडात!"

"नाना, बुडखा चेअरमनच्या रानात ऱ्हायला आसंल!" मागून कुणी तरी ओरडले.

"आन् पयला ऊस दोनच पेरांचा कसा?" दुसरा म्हणाला. "त्या साली काय दुरवा गाळला का?"

हशा वाढत गेला. मी व्यासपीठाच्या कडेला कागद हातात धरून उभा होतो. रखमाजी मांडवाच्या खांबाला टेकून, नवी टोपी घालून उभे होते. त्यांचा चेहरा पाटीवरच्या गरासारखा पांढरा पडला होता. चौदा वर्षांचे काम एका हशात चालले होते, आणि पाटी तर कागदाबरहुकूम होती. कुणी तरी एवढे विचारले असते की 'खालचे साडेदहा कुठे गेले', तर मला उत्तर द्यावे लागले असते. पण शेतकऱ्यांना आलेखाचे काही पडले नव्हते. त्यांना उसाचे पडले होते.

काकासाहेब उगाच पाच निवडणुका जिंकलेले नव्हते. हशा ओसरू दिला आणि शांतपणे म्हणाले, "नाना, शाब्बास. हेच कुणी तरी विचारावं म्हणून ऊस असा काढून घेतलाय."

त्यांनी छडी उसाच्या छाटीवर टेकवली.

"बुडखा रानात राहतो म्हणजे काय राहतं? साखर राहते! नुकसान कुणाचं? तुमचं. मी नुसतं भाषण केलं असतं तर तुम्ही डुलक्या घेतल्या असत्या. आज दोन हजार माणसांना बुडखा दिसला. पुढच्या हंगामात प्रत्येक ऊस जमिनीलगत तुटेल, हा ठराव मी मांडतो. आणि ज्या कलावंतानं हे तुमच्या डोळ्यांपुढं उभं केलं, त्या रखमाजी भिंगारदिव्यांना आजपासून कायम केल्याचं जाहीर करतो!"

टाळ्या थांबेनात. रखमाजींना व्यासपीठावर ओढून आणले, शाल-नारळ दिला. आसारामनानांनी त्यांना मिठी मारली. इतिवृत्त मी लिहिले. त्यात उताऱ्याच्या आलेखाचा उल्लेख एका ओळीत आहे आणि बुडख्याचा दीड पानभर.

कायमच्या आदेशाला एक अडचण होती. मंजूर आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या यादीत, पेंटरचे पदच नाही. असते तर चौदा वर्षे रोजंदारी चालली नसती. रिकामे पद एकच निघाले: शेतकी मदतनीस. कर्तव्य, उंचावरून तोडलेल्या उसाची पाहणी करणे व साप्ताहिक अहवाल देणे. रखमाजींनी आदेश तीनदा वाचला. नावावर बोट फिरवले.

"ब्रश?" त्यांनी विचारले.

"कायम कामगाराला मंजूर कामाव्यतिरिक्त दुसरे काम करता येत नाही."

"मग फळा?"

"ठेकेदार नेमलाय."

ठेकेदाराचा माणूस फळा लिहिण्यासाठी कॉम्प्युटरच्या कागदाची वाट बघतो. कॉम्प्युटरचे आकडे आता नियमाप्रमाणे येतात, कारण उतरवून घ्यायला रखमाजींचा फळा नाही. त्यामुळे गेटवर परवाचा उतारा असतो. बाण नसतो.

रखमाजींनी मात्र नवे काम मनापासून धरले. हंगाम सुरू झाला तसे सायकलीवर गावोगाव फिरू लागले. चार बोटांपेक्षा उंच राहिलेला प्रत्येक बुडखा मोजत. भागिरथीबाई बरोबर जात. टोळीतल्या बाया त्यांना ओळखत आणि खरे सांगत. सोमवारी अहवाल माझ्या टेबलावर. गट, गाव, पाहिलेले रान, उंच बुडखे. अक्षर असे की छापलेले वाटावे. कारखान्यात अंदाजाने न भरलेला मी पाहिलेला तो पहिला तक्ता.

राजेश्वरीने त्याचा आलेख करून चेअरमनसाहेबांच्या पडद्यावर बसवला. तिला वाटले, साहेबांचाच ठराव आहे, साहेब खूष होतील. सर्वांत उंच खांब साहेबांच्या स्वतःच्या गटाचा होता. त्यात नवल नव्हते. त्यांच्याकडचा ऊस सर्वांत आधी आणि सर्वांत घाईने तुटतो. टोळ्यांना वाकायला वेळ नसतो. काकासाहेबांनी मला बोलावले.

"हे काय आहे?"

"साहेब, बुडखे."

"काढून टाका."

"ह्या वेळी मोजपट्टी कुठून सुरू करायची, ते सांगितलंत तर…" राजेश्वरी म्हणाली. ती खरोखर मदत करायला बघत होती.

"पट्टी नको. आलेखच नको. आणि हा माणूस…" ते थांबले. माझ्याकडे बघितले.

"कायम आहे साहेब," मी म्हटले. "सर्वसाधारण सभेत जाहीर झालेला."

पडद्यावरून बुडखे गेले. अहवाल थांबवण्याचा आदेश मात्र कुणी काढला नाही. सभेचा ठराव असल्यामुळे तो काढायला पुन्हा सभाच बोलवावी लागली असती. त्यामुळे अहवाल येत राहिला. मी आवक क्रमांक टाकून फाइलला लावत राहिलो. मासिक तक्त्यात 'रखमाजी भिंगारदिवे, शेतकी मदतनीस' असे पूर्ण नाव लिहू लागलो.

फेब्रुवारीत एका सोमवारी ते अहवाल देऊन तिथेच उभे राहिले. उन्हाने रापले होते, वजन उतरले होते.

"भाऊसाहेब, खरं सांगा. कोन वाचतं का हे?"

"फाइलला लागतं."

"तसं न्हाई. वाचतं का?"

मी अहवालावर आवक क्रमांक टाकला.

"फळा हुता तवा गाडीवान बी वाचायचा. आता नाव लागलं आन् वाचनारा गेला. कोनी वाचत न्हाई तर मी लिव्हतो कशाला?"

"रखमाजी, कायम माणसाने हा प्रश्न विचारायचा नसतो," मी म्हटले. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतः तो विचारला नव्हता.

ते हसले नाहीत. पुढच्या सोमवारी अहवाल आला तेव्हा तक्त्यात उजवीकडे एक रकाना वाढलेला होता. पट्टीने आखलेला, वर शीर्षक: 'वाचणाऱ्याची सही'. नव्या रकान्याला मंजुरी लागते, हे मी त्यांना सांगायला तोंड उघडले. ते समोर उभे होते, पिशवी खांद्याला, कुठे जायची घाई नसल्यासारखे.

मी चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अकरा गावे, सदतीस राने. एका ठिकाणी बेरीज एकाने चुकली होती, ती त्यांना दाखवली. त्यांनी माझ्याच पेनाने ती सुधारली. मग मी सही केली आणि खाली तारीख घातली.